वजनात सापडलेला 'द'

दसरा उलटला की कन्नौदमध्ये सोयाबीनशिवाय दुसरा विषय नसतो. हमरस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते, आणि माझे काका ज्या धर्मकाट्यावर हिशेब बघतात तिथे त्यांना चहा घ्यायचीही फुरसत नसते. अशा ऐन गर्दीत त्यांनी मला पुण्याला फोन केला, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

"अरे, तुझा प्रोग्रॅम पागल झालाय. ट्रॉलीत माल साडेबेचाळीस क्विंटल, आणि पर्चीवर चारशे सव्वीस क्विंटल साठ किलो! शेतकरी म्हणतोय, दादा, मग पैसेही पर्चीप्रमाणेच द्या."

पर्ची म्हणजे पावती. माळव्यातल्या आमच्या मराठीत असे शब्द कधी शिरले ते आमचं आम्हालाच ठाऊक नाही. कन्नौद आज देवास जिल्ह्यात असलं तरी ते होळकरांच्या राज्यातलं गाव. देवास आणि धार पवारांची. माझे पणजोबा होळकरांच्या दप्तरात कारकून म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, ओसरीवर हिंदी आणि शेतात माळवी, असा तीन भाषांचा कारभार. मी तेवढा चौथी भाषा शिकलो, 'सी' नावाची, आणि पोटापाण्यासाठी पुण्याला गेलो.

काट्यावरचा प्रोग्रॅम माझाच. वीसेक वर्षांपूर्वी काकांच्या आग्रहाखातर लिहून दिलेला. इतकी वर्षं पर्चीवर गावांची नावं रोमन लिपीत यायची. त्या हंगामाच्या तोंडावर काका म्हणाले, शेतकऱ्याला वाचता येईल अशी नागरी लिपीत पर्ची कर. मी गावांची यादी नागरीत केली, इंदूरला थांबून चार पर्च्या छापून पाहिल्या आणि पुण्याला परतलो. त्यानंतर पंधरा दिवसांनी हा फोन.

पहिला संशय सगळ्यांना एकच आला. ४२.५० च्या जागी ४२६.६०, म्हणजे कुठेतरी दशांशचिन्ह सरकलंय. काट्याच्या मिस्त्रीने लोड सेल तपासले, वायरी हलवून पाहिल्या. काट्याचा स्वतःचा डिस्प्ले मात्र बरोबर ४२५० किलो दाखवत होता. तेवढ्यात कन्नौदचीच दुसरी ट्रॉली काट्यावर चढली. डिस्प्लेवर ३१८० किलो. पर्चीवर पुन्हा ४२६६०.

वजनं वेगळी आणि पर्चीवरचा आकडा मात्र तोच. दशांशचिन्हाचा दोष असा एकाच आकड्यावर अडून बसत नाही.

"काका, बाकीच्या गावांचं काय?"

"देवासचा ट्रक बरोबर. बागली बरोबर, सतवास बरोबर. आपलं कन्नौद तेवढं बिघडतंय. नेमावरही. नेमावरवाल्यांचं दर वेळी ४५२२०. आणि खातेगावच्या पर्चीवर तर वजन उणे आलंय, आकडाही वाचवत नाही इतका लांब."

म्हणजे काटा माल नाही, गाव बघून वजन ठरवत होता.

पावतीपुस्तक आणि कोरा रकाना

इथे थोडं सांगायला हवं. सी भाषेत मजकूर जुळवायची रीत छापील पावतीपुस्तकासारखी आहे. "श्री. ______ यांजकडून रु. ______ मिळाले" हा साचा आधीच छापलेला असतो, मोकळ्या जागा हाताने भरायच्या. सी मध्ये मोकळ्या जागेची खूण म्हणजे टक्क्याचं चिन्ह आणि त्यापुढे एक अक्षर. टक्का-एस म्हणजे इथे शब्द येणार, टक्का-डी म्हणजे इथे पूर्णांक येणार. प्रिंटएफ ही आज्ञा साचा भरून पडद्यावर दाखवते. तिची बहीण एसप्रिंटएफ तोच भरलेला मजकूर पडद्यावर न दाखवता मेमरीत तुम्ही सांगाल तिथे लिहून ठेवते.

बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी ही भाषा १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला घडवली. ब्रायन कर्निगन यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेलं तिचं पुस्तक १९७८ साली आलं. त्या वेळी मेमरी महाग आणि यंत्रं हळू, म्हणून भाषेने एक करार केला: मी फालतू विचारपूस करणार नाही, तुम्ही म्हणाल तिथे लिहीन, जागा पुरते की नाही ते तुमचं तुम्ही बघा. वेग हवा असेल तर हा करार फायद्याचा आहे. पण एसप्रिंटएफला जागा कुठून सुरू होते एवढंच सांगतात. ती कुठे संपते हे सांगायची सोयच तिच्यात नाही.

शेती असणाऱ्या घरात हे लगेच कळेल. मेमरी म्हणजे एका ओळीत लागून असलेली शेतं, आणि सी मध्ये शेतांना बांध नसतो. तुमचा नांगर शेजाऱ्याच्या रानात चार तास पुढे गेला, तरी भाषा हू की चू करत नाही.

माझ्या प्रोग्रॅममध्ये पर्चीच्या नोंदीत गावाच्या नावाला १६ बाइटची जागा होती, आणि तिला लागूनच चार बाइटमध्ये निव्वळ वजन. आधी वजन भरायचं, मग एसप्रिंटएफने नाव. रोमन लिपीत कन्नौदला सहा अक्षरं लागायची, एका अक्षराला एक बाइट. मजकूर संपला हे कळावं म्हणून सी शेवटी एक शून्य ठेवते, त्याचा एक. सगळे मिळून सात बाइट. सोळाच्या जागेत सात, म्हणजे ऐसपैस मामला.

तीन, सहा, अठरा

नागरीत हिशेब फिरतो. डोळ्याला 'कन्नौद' तीन अक्षरं दिसतात: क, न्नौ, द. संगणक मात्र न, हलन्त आणि मात्रा वेगवेगळे मोजतो: क, न, हलन्त, न, औची मात्रा, द. झाले सहा. आज सगळीकडे वापरात असलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत नागरीच्या प्रत्येक घटकाला तीन बाइट लागतात. सहा त्रिक अठरा, आणि शेवटचं शून्य धरून एकोणीस. जागा सोळाची.

'देवास' डोळ्याला तीनच अक्षरं, पण घटक पाच. पाच त्रिक पंधरा आणि एक, बरोबर सोळा. एक बाइट जास्त असता तर सांडला असता. बागली पाच घटक, सतवास डोळ्याला चार अक्षरं दिसलं तरी घटक पाचच. आणि मी चाचणी घेतली ते इंदूर? तेही पाच! माझ्या चारही पर्च्या काठोकाठ भरून सुखरूप निघाल्या होत्या. कन्नौदमध्ये जन्मलेल्या माणसाने कन्नौद टाकून बघितलं नाही, याला काय म्हणावं?

आता वजनाच्या रकान्यात काय घडलं ते पाहा. 'द' चे तीन बाइट म्हणजे २२४, १६४ आणि १६६. पहिला बाइट सोळाव्या, म्हणजे नावाच्या शेवटच्या जागेत मावला. उरलेले दोन बांध ओलांडून वजनाच्या पहिल्या दोन बाइटवर जाऊन बसले, आणि तिसऱ्यावर शेवटचं शून्य. आपल्या साध्या संगणकांतल्या चिप आकड्याचा धाकटा बाइट आधी ठेवतात. पहिला सुट्यांचा, दुसरा २५६ च्या पटीतला. म्हणून १६६ गुणिले २५६ अधिक १६४. पाटीवर मांडा: ४२४९६ अधिक १६४, बेरीज ४२६६०.

त्या वजनात सोयाबीनचा एक दाणा नव्हता. तो कन्नौदचा 'द' होता.

नेमावरचेही घटक सहाच, फक्त शेवटी 'र'. त्याचा तिसरा बाइट १७६, म्हणून ४५२२०. खातेगावचे घटक सात, म्हणजे शून्यासकट बावीस बाइट. त्यातले चार वजनाचा अख्खा रकाना गिळून आणखी दोन पुढे गेले. आकड्याचा सगळ्यात थोरला बाइट १२७ च्या वर गेला की यंत्र तो आकडा उणे समजतं. म्हणून पर्चीवर उणे १,५२,८७,७५,००४ किलो.

हे सगळं मी फोनवर काकांना समजावलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे गावाचं नाव जड झालं, असंच ना?" इतक्या वर्षांत ओव्हरफ्लोची याहून नेटकी व्याख्या मी ऐकलेली नाही.

पटवारी कधी येतो?

कुणी विचारेल, परक्या जागेत लिहिलं तर संगणक प्रोग्रॅम बंद पाडत नाही का? 'सेगमेंटेशन फॉल्ट' म्हणतात ते हेच ना? पाडतो, पण त्याची नजर जाडीभरडी असते. ऑपरेटिंग सिस्टिम ही आमच्याकडच्या पटवाऱ्यासारखी. तिचा नकाशा बहुधा ४०९६ बाइटच्या पानांचा. जे पान तुमच्या नावावर नाही तिथे पाऊल टाकलं तर ती तत्काळ प्रोग्रॅमचं मुंडकं धरते. पण तुमच्याच खात्यातल्या जमिनीत थोरल्या भावाने धाकट्याच्या वाट्यात नांगर घातला, तर पटवाऱ्याला त्याचं सोयरसुतक नसतं. नाव आणि वजन दोन्ही माझीच, एकाच पानावरची. म्हणून प्रोग्रॅम बंद न पडता खोटं बोलत राहिला. बंद पडणारा प्रोग्रॅम परवडला. चालू राहून चुकीची पर्ची देणारा परवडत नाही.

सेगमेंटेशन फॉल्टची साधी उदाहरणंही सांगतो, कारण नव्याने शिकणारी मुलं तिथेच अडखळतात. पॉइंटर म्हणजे फक्त पत्ता. पत्त्याची चिठ्ठी खिशात आली म्हणजे प्लॉट नावावर झाला असं नाही. पॉइंटर जाहीर केला, त्याला जागा मिळवून दिलीच नाही आणि एसप्रिंटएफला सांगितलं की तिथे लिही, तर ती कुठल्याही गावात जाऊन खोदेल. दुसरी चूक म्हणजे प्रोग्रॅममध्ये अवतरणात लिहिलेल्या मजकुरावरच नवा मजकूर लिहू पाहणं. ते पान बहुधा फक्त वाचण्यापुरतं असतं. तिसरी, टक्का-एसच्या जागी शब्दाऐवजी वजन देणं. मग ४२५० हा आकडा पत्ता समजला जातो, त्या पत्त्यावर आपलं काहीच नसतं, आणि पटवारी हजर. जीसीसी हा कंपायलर 'वॉल' हा पर्याय लावला तर ही तिसरी चूक आधीच दाखवतो. ती सूचना न वाचणारे खूप, त्यांत एके काळी मीही होतो.

चौथी चूक माझ्याच काट्यावरची, रोमन लिपीच्या दिवसांतली. मालाबद्दलचा शेरा मी साच्यात न घालता थेट प्रिंटएफच्या हवाली केला होता, म्हणजे शेरा हाच साचा झाला. एकदा शेरा आला "२% सडा", रोमन अक्षरांत. टक्का, मोकळी जागा आणि सडाचा एस. प्रिंटएफने तो टक्का-एस समजून भरायला शब्द शोधला, तो मी दिलेलाच नव्हता, आणि प्रोग्रॅम आडवा. बाहेरून आलेला मजकूर नेहमी टक्का-एसमधूनच छापावा. या एका चुकीच्या जोरावर जगभरात लोकांनी दुसऱ्यांच्या यंत्रांत शिरकाव केलेला आहे.

माझा घाईतला उपाय

कारण समजलं, पण मी पुण्यात आणि रांग कन्नौदमध्ये. मी एक मूर्ख उपाय केला. क्रम उलटा केला: आधी नाव, मग वजन. वजन शेवटी भरलं की बरोबरच येणार! तसं ते आलं. पण काकांचा पुन्हा फोन: "आता वजन ठीक, पण गाव 'कन्नौ' छापतंय, आणि पुढे एक चौकोन."

अर्थातच. आता वजनाने नावाच्या शेपटीवर पाय दिला होता. 'द' चे दोन बाइट आणि शेवटचं शून्य पुसलं गेलं. शून्य दिसेपर्यंत वाचत राहायचं, एवढंच टक्का-एसला कळतं. म्हणून तो 'द' चा उरलेला एक बाइट आणि पुढे वजनाचे बाइट अक्षरं समजून छापत गेला. भांडण मिटलं नव्हतं, बांध कोरणारा तेवढा बदलला होता.

तेव्हा मात्र शांतपणे बसलो आणि घरच्या लॅपटॉपवर तपास केला. जीडीबी नावाचा डिबगर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली लिहिला, आणि आजही तो रोजच्या कामाला येतो. त्यात 'वॉचपॉइंट' लावता येतो, म्हणजे मेमरीतल्या एका जागेवर पहारा बसवायचा. तिथे कुणीही काही बदललं की प्रोग्रॅम जागच्या जागी थांबतो. जुन्या क्रमाचा प्रोग्रॅम घेऊन मी वजनावर पहारा बसवला आणि कन्नौदची नोंद दिली. थांबला तो एसप्रिंटएफच्या पोटात. जुनी किंमत ४२५०, नवी किंमत ४२६६०. चोर मुद्देमालासह सापडला. बिघाड दिसतो एकीकडे आणि होतो दुसरीकडे, म्हणून जिथे वजन छापलं त्या ओळीकडे टक लावून काही मिळत नाही. त्या वजनाचा शेजारी कोण, हे आधी बघावं.

मग 'अ‍ॅड्रेस सॅनिटायझर' लावून पाहिला. गूगलच्या अभियंत्यांनी तयार केलेलं हे साधन २०१२-१३ पासून मोठ्या कंपायलरांत आहे. ते मेमरीतल्या प्रत्येक वस्तूभोवती काटेरी कुंपण घालतं. खातेगावची नोंद देताच त्याने आरडाओरडा केला: वीस बाइटच्या नोंदीत बावीस लिहिले! कन्नौदला मात्र ते गप्प. कारण कुंपण अख्ख्या नोंदीभोवती असतं, आतल्या दोन रकान्यांमध्ये नसतं. साधन गप्प आहे म्हणून प्रोग्रॅम निर्दोष, हा समज तिथे गळून पडला. जीसीसीचा 'फॉर्टिफाय सोर्स' हा पर्याय दुसऱ्या पातळीवर लावला तेव्हा कन्नौदही पकडलं गेलं, कारण तो रकान्याचा आकार बघतो आणि बांध ओलांडताच प्रोग्रॅम थांबवतो.

दोष नागरीचा नाही

हे ऐकून पुण्यातल्या एका मित्राने सुचवलं, रोमनच ठेवायचं होतं. हे मला पटत नाही. नागरी संगणकावर आणायचं मोठं काम आपल्याकडेच झालं. पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट हे तंत्र घरोघर नाही तरी कचेऱ्या-कचेऱ्यांत पोचवलं. भारतीय लिप्यांसाठीची इस्की ही संकेतपद्धती १९९१ साली भारतीय मानक झाली. युनिकोडमधली नागरीची मांडणीही इस्कीच्याच आधीच्या रूपावर बेतलेली आहे. इस्कीत एका घटकाला एक बाइट पुरायचा, कन्नौद सहा बाइटमध्ये बसायचं. जगातल्या सगळ्या लिप्या एकाच कागदावर याव्यात म्हणून यूटीएफ-८ आली. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी ती १९९२ साली मांडली. तिच्यात इंग्रजीला एकच बाइट लागतो आणि मजकुराच्या मध्ये कुठे शून्य येत नाही, म्हणून जुने प्रोग्रॅम न बदलता चालतात. माझाही तक्रार न करता चालला, हीच तर अडचण.

जागा न मोजण्याची चूक इंग्रजीतही तितकीच महागात पडली आहे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला 'वर्म' इंटरनेटवर पसरला, त्याची एक वाट अशीच होती: एका सेवेत ५१२ बाइटची जागा, आणि तीत मोजमाप न करता मजकूर घेणारी गेट्स ही आज्ञा. त्याने मुद्दाम जास्त मजकूर पाठवला आणि बांधापलीकडे आपल्या कामाच्या आज्ञा पेरल्या. गेट्स ही आज्ञा सी च्या मानकातून अखेर २०११ साली काढून टाकली. एसप्रिंटएफ अजून आहे.

तिला पर्याय १९९९ च्या मानकापासून आहे: एसएनप्रिंटएफ. हिला जागेचा आकार सांगावा लागतो आणि ती बांधाशी थांबते. पण नुसती तिच्यावर भिस्त ठेवली असती तर सोळाच्या जागेत कन्नौदचं 'कन्नौ', नेमावरचं 'नेमाव' आणि खातेगावचं 'खातेग' झालं असतं. वजन बरोबर आणि गाव गायब. जागेचा आकार तीनच्या पटीत एक मिळवून नसेल तर शेवटचं अक्षर मधोमध चिरलं जातं ते वेगळंच. या आज्ञेची खरी किंमत तिच्या उत्तरात आहे. पूर्ण मजकुराला किती बाइट लागले असते हे ती सांगते. कन्नौदसाठी ती १८ सांगते. उत्तर जागेइतकं किंवा जास्त आलं की समजावं, मजकूर कापला गेला. ते उत्तर वाचणं हे आपलं काम.

मी नावाची जागा ६४ बाइट केली, एसएनप्रिंटएफ वापरली, आणि उत्तर जास्त आलं तर पर्ची न छापता पडद्यावर लाल अक्षरांत सूचना येईल असं केलं. सगळा बदल सहा ओळींचा. ज्या शेतकऱ्यांना चुकीच्या पर्च्या गेल्या होत्या त्यांना काकांनी डिस्प्लेच्या नोंदवहीवरून हाताने लिहून दिल्या.

आता माझ्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या चाचणीत पहिलं गाव कन्नौद असतं आणि दुसरं खातेगाव. इंदूर सगळ्यात शेवटी.